चार मूळ गावं

पुतण्याची थोरली मुलगी न्यू जर्सीत आठवीला आहे. तिनं प्रवासाचा तक्ता पाठवला, तेव्हा मी किन्हीराजात आमच्या ओसरीवर तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसलो होतो. तक्ता रंगीत होता. वर ठळक अक्षरांत 'आपली मूळ गावं', खाली हैदराबाद तीन रात्री, भोपाळ तीन रात्री, अकोला दोन, वाशीम एक. किन्हीराजा शेवटी, कंसात. 'वेळ उरल्यास.'

"हैदराबादले आपलं कोण आहे वो?" बायकोनं विचारलं.

कोणीच नाही. चूक माझी होती.

पोरीला शाळेसाठी वंशवृक्ष काढायचा होता. प्रत्येक नावापुढं गाव, जिल्हा, राज्य असे रकाने. बापाला आजोबापलीकडे काही सांगता येईना, म्हणून त्यानं काकाला पुढं केलं. मी 34 वर्षं इतिहास शिकवलेला माणूस. 'सगळे इथलेच' एवढं म्हणून फोन ठेवला असता तर भागलं असतं. पण मी तहसिलात दोन खेटे घातले, कोतवाल बुकाची नक्कल काढली आणि तिला अचूक उत्तरं दिली.

माझे आजोबा 1898 चे. त्या वेळी आमचा जिल्हा बासीम आणि मुलूख वऱ्हाड. वऱ्हाड 1853 पासून इंग्रजांच्या ताब्यात असलं तरी कागदोपत्री मालक हैदराबादचा निजाम. 1905 साली बासीम जिल्हा मोडला आणि आम्ही अकोल्यात गेलो, म्हणजे घरी बसूनच गेलो. म्हणून 1924 साली जन्मलेले वडील अकोला जिल्ह्याचे, मध्यप्रांत-वऱ्हाडातले. दादा 1953 चा, तेव्हा राज्याचं नाव मध्य प्रदेश. पुतण्या 1979 चा, तो महाराष्ट्रातला. 1 जुलै 1998 ला वाशीम जिल्हा पुन्हा वेगळा झाला, त्यामुळे माझा नातू वाशीम जिल्ह्याचा. हे सगळे जन्मले स्वयंपाकघरामागच्या एकाच अंधाऱ्या खोलीत. सध्या तिथं सोयाबीनची पोती आहेत आणि एक मांजर आहे.

पोरीनं हे सगळं नकाशावर मांडलं आणि बाण काढले. हैदराबादहून अकोला, अकोल्याहून भोपाळ, भोपाळहून परत अकोला, तिथून वाशीम. मग फोनवर विचारलं, "आजोबा, आपली फॅमिली इतकी का फिरली? दुष्काळ होता का?"

"बेटा, आपण कुठंच फिरलो नाही. सरकारं फिरली."

तिला ते पटलं नाही. शिवाय 1953 साली मध्य प्रदेशची राजधानी नागपूर होती, भोपाळ नव्हे, हे मी सांगितल्यावर तिनं तक्त्यात नागपूरही घातलं.

इकडे बायकोला वेगळीच शंका. "येऊन राह्यले त कायले? चार-चार गावं लिवले पोट्टीनं. सातबारा पाह्याले येते, अन् काय!" आमच्याकडं बाहेरगावी गेलेलं माणूस सहज आलंय, असं कोणी मानत नाही. माझ्या मावसभावानं मुंबईहून आल्यावर नुसतं विहिरीत डोकावून पाहिलं, तर गावभर झालं की यानं पाण्याची पाळी मागितली. त्यात पुतण्यानं मुलांची ओसीआय कार्डं काढल्याचं कळवलं. मी हौशीनं माहिती दिली की त्या कार्डावर शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाहक्कानं मात्र मिळते. हे दुसरं वाक्य मी गिळायला हवं होतं. दोन दिवस आमच्याकडं वरणाला फोडणी पडली नाही.

तारखांचं त्रांगडं निराळंच. त्यांना सुट्टी जून ते ऑगस्ट. तेव्हा इथं पेरणी, डवरणी, फवारणी. पाहुण्याला चहा द्यायलाही घरात माणूस सापडत नाही. ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी. एप्रिल-मेमध्ये ऊन असं, की कावळा झाड सोडत नाही. पुतण्या म्हणाला, "काका, तुमचा ऑफ सीझन कोणता?" मी म्हणालो, "लग्नसराई. पण तेव्हा आम्ही घरी नसतो." शेवटी डिसेंबरचे शेवटचे दहा दिवस ठरले. हरभऱ्याला पाणी द्यायची लाईन तेव्हा रात्रीची असली तर पाहुण्यांना टॉर्च धरायला नेता येईल, एवढीच माझी अट.

रस्ता सांगणं सोपं वाटलं होतं. समृद्धी महामार्ग 5 जून 2025 पासून पूर्ण, 701 किलोमीटर सुरू आहे. मी कळवलं, "मुंबईहून या, मालेगावला उतरा, मी घ्यायला येतो." दुसऱ्या दिवशी मुक्कामाची पावती आली. हॉटेल मालेगावचंच, पण नाशिक जिल्ह्यातल्या, यंत्रमागांच्या मालेगावचं. आमच्या तालुक्याच्या मालेगावापासून ते साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. त्या रात्री मी फोनवर पोरीला एवढंच समजावलं, की महाराष्ट्रात मालेगावं अनेक, कारंजा अनेक, किन्ह्या तर विचारू नको. आमच्याच तालुक्यात डोंगरकिन्ही वेगळी. खूण एकच. पुढं 'राजा' असलं तर आपलं. (यावर तिनं देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजा शोधून काढले. पोर हुशार आहे.)

शेवटी दादानं तिकडून स्वतः फोन हातात घेतला आणि नातीला त्या एका खोलीची गोष्ट सांगितली. रविवारी नवा तक्ता आला. हैदराबाद नाही, भोपाळ नाही, नागपूर नाही, अकोला नाही. किन्हीराजा, दहा रात्री.

बायकोनं चष्मा पुसून दोनदा वाचलं. "दहा? माय वो! त्यापेक्षा ते भोपाळ बरं होतं."

रात्री आठला व्हिडिओवर सगळे जमले. त्यांच्याकडं सकाळचे साडेनऊ. आम्ही गच्चीवर, कारण रेंज तिथंच. पोरगी कॅमेऱ्याच्या अगदी जवळ येऊन म्हणाली, "आजी, मला तुमची थोडी जमीन पाहिजे."

बायको माझ्याकडं पाहायला लागली. मी पाण्याच्या टाकीकडं पाहायला लागलो.

"पिशवीत," पोरगी म्हणाली. "छोट्या पिशवीत. बाटलीत ठेवणार मी."

"माती म्हणायचं आहे तिला, काकू," पुतण्या घाईनं म्हणाला. "पण नाही नेता येत. इकडं परत शिरताना माती आणली का, शेतात जाऊन आलात का, सगळं विचारतात. विमानतळावरच काढून घेतील."

बायकोचा चेहरा असा उजळला, की गच्चीवरचा दिवा मी उगाच लावला होता.

"अवो, नेऊ द्या ना लेकराले!" ती एकदम मायेनं म्हणाली. "मूठभर कायले, पायलीभर नेऊ द्या. मी सोता खणून देतो." मग फोन माझ्या हातात देऊन ती जिन्यावरून खाली निघाली, दोन पायऱ्या उतरली आणि परत वळली.

"फक्त धुऱ्यावरची देजा नका. त्याची मोजणी व्हायची आहे."