नादी लागणाऱ्यांसाठी काही सूचना

हेडफोन, ॲम्प्लिफायर किंवा संगणक घ्यायचा ठरला की सर्वप्रथम तज्ज्ञ निवडावा. वस्तू नंतर. प्रत्येक कुटुंबात असा एक तज्ज्ञ असतोच. बहुधा तो हिंजवडीला नोकरी करणारा मावसभाऊ असतो आणि "आत्ता घेऊ नकोस, पुढच्या महिन्यात नवीन जनरेशन येतेय" हे त्याचे एकमेव मत असते. हे मत बाराही महिने खरे असते, त्यामुळे त्याचा उपयोग काही नाही. तरीही त्याला विचारल्याशिवाय काहीही घेऊ नये. उद्या वस्तू बिघडली तर दोष द्यायला घरातला माणूस हवा.

हेडफोन निवडताना कानांचा विचार शेवटी करावा. माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, तेही तरुणपणी. चाळिशी उलटेपर्यंत वरचे टोक झिजू लागलेले असते. खोक्यावर मात्र ४०,००० छापलेले असते. वरच्या वीस हजारांचे पैसे आपण वटवाघळांच्या वतीने भरतो, ते दानधर्मात धरावेत. मग ओहम पाहावेत. ३२ ओहमचा बरा हेडफोन साध्या मोबाइलवरही मोकळेपणाने वाजतो, म्हणून तो टाळावा. घरी आणला, कानाला लावला, गाणे ऐकले, संपले! यात छंद कुठे राहिला? त्याऐवजी सेन्हायझरचा एचडी ६०० पाहावा. तो ३०० ओहमचा आहे. मोबाइलला लावला की गाणे शेजारच्या बिल्डिंगमध्ये चालल्यासारखे ऐकू येते आणि "आता ॲम्प्लिफायर घ्यावाच लागणार" असे घरी खऱ्या तळमळीने सांगता येते. ॲम्प्लिफायर आला की डॅक, म्हणजे डिजिटल गाण्याचा ॲनालॉग सिग्नल करून देणारी पेटी, लागतो; डॅक आला की चांगली वायर. आपल्या घरांत साठ हजार एकदम कोणी मंजूर करत नाही. आधीचा खर्च वाया जाऊ नये म्हणून करायचा पुढचा खर्च मात्र कुरकुरत का होईना मंजूर होतो. मध्यम बजेटाची खरी ताकद ती हीच.

मोबाइलला गोल जॅक नसेल तर बोटभर लांबीची एक टाइप-सी वायर मिळते. चांगल्या वायरीच्या टोकात अख्खा डॅक बसवलेला असतो, आणि तिच्यात व महागड्या पेटीत फरक काय, हे डोळे मिटून सांगायला भल्याभल्यांना जमत नाही. ही माहिती स्वतःजवळच ठेवावी.

आता ॲम्प्लिफायर. पूर्वी रेडिओ दुरुस्त करणारे कारागीर सान्योच्या एलए ४४४० या आयसीवर प्लायवूडच्या खोक्यात ॲम्प्लिफायर बांधून देत. दोन्ही बाजू मिळून बारा वॅट. त्या बारा वॅटांवर हळदी, बारशी आणि सत्यनारायण निर्विघ्न पार पडले, पण खोक्यावर काहीच छापलेले नसल्यामुळे त्याचा रुबाब पडला नाही. आता खोक्यावर २,००० वॅट पीएमपीओ असे लिहून येते आणि सोबतच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट, २ अँपिअर. गुणाकार चोवीस. उरलेले १,९७६ वॅट कुठून येतात हा श्रद्धेचा विषय आहे, आणि नाशिकसारख्या तीर्थक्षेत्री राहणाऱ्याने श्रद्धेत काटकसर करू नये.

दुकानदाराने पन्नास वॅटचा आणि शंभर वॅटचा असे दोन समोर ठेवले तर शंभरचाच उचलावा. शक्ती दुप्पट केली की आवाज जेमतेम ३ डेसिबलने वाढतो. कानाला तो दुप्पट वाटायचा तर दहापट वॅट लागतात. पण डेसिबल पाहुण्यांना दिसत नाहीत, शंभर दिसतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. कॉलेज रोडच्या फ्लॅटमधला जुना फ्रिजही जवळपास तेवढा घुमतो, त्यामुळे रात्री फ्रिज लावायचा की ॲम्प्लिफायर, हे कुटुंबाने बसून ठरवावे.

तसा या शहराचा इतिहास ॲम्प्लिफायरवाल्यांना फारसा अनुकूल नाही. दादासाहेब फाळक्यांची हिंदुस्तान फिल्म कंपनी नाशकात चित्रपट काढत होती तेव्हा चित्रपट मुके होते. आणि ज्या एका आवाजामुळे गावाचे नाव मिरवणुकीमिरवणुकीत पोचले त्या नाशिक ढोलाला ना वायर लागते ना ओहम. पान ताणले, टिपरू उचलले, झाले काम. त्यावर मावसभावाला काहीही बोलता येत नाही.

संगणकाची गोष्ट वेगळी. तो 'मुलाच्या अभ्यासासाठी' घेतला जातो, आणि या अभ्यासाला ग्राफिक्स कार्ड लागते. वडील सातपूरला किंवा अंबडला कामाला असतील तर 'ऑटोकॅड' हा शब्द पुरतो. पुढचे प्रश्न येत नाहीत. पैशांची वाटणी सोपी आहे. काचेचा कॅबिनेट, रंग बदलणारे पंखे आणि दिवे लावलेली रॅम यांवर हात सैल सोडावा. जे आत लपते, म्हणजे सगळ्यांना वीज पुरवणारा एसएमपीएस, ते कॅबिनेटसोबत येईल ते चालवून घ्यावे. त्यावर ठळक ४५० वॅट लिहिलेले असते. खाली बारीक अक्षरांत १२ व्होल्टसमोर १६ अँपिअर असतील तर गुणाकार १९२ येतो आणि प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड मुख्यतः त्याच १२ व्होल्टवर जगतात. अशा वेळी चष्मा काढून ठेवावा. एसएमपीएस हातावर तोलून बघण्याची खोडही घालवावी. तो फारच हलका लागला तर उगाच मन खट्टू होते.

रॅम १६ जीबीची एकच कांडी घ्यावी. ८-८च्या दोन घेतल्या तर दोन्ही वाटांनी एकदम वाहतूक होऊन, वेगळे कार्ड नसलेल्या संगणकावरही गेम बऱ्यापैकी पळतात, आणि मग कार्डाची मागणी लंगडी पडते. यूपीएस ६०० व्हीएचा पुरे. तो ३६० वॅट देतो हे मागच्या बाजूला लिहिलेले असते आणि मागची बाजू भिंतीला लावायची असते. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर मुलाला अभ्यासाची ऊर्जा मिळते आहे असे समजू नये. सॉकेटला अर्थिंग नसले की एसएमपीएसच्या फिल्टरमधून पत्र्यावर जवळजवळ निम्मे व्होल्टेज येऊन बसते, करंट नगण्य असला तरी. हेडफोनमधली घूं-घूं कधीकधी तिथलीच असते. इलेक्ट्रिशियन हे काही हजारांत नीट करतो, पण अर्थिंगला दिवे नसतात.

खरेदी कुठे करावी? एम. जी. रोडवर आधी भाव विचारावा, तिथेच उभे राहून मोबाइलवर दुसरा भाव काढावा आणि तो दुकानदाराला दाखवावा. "मग तिथूनच घ्या ना दादा," हे त्याचे उत्तर ऐकून स्वाभिमान दुखावला की सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई गाठावी. दादरला उतरून लोकलने ग्रँट रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असते, लोक लॅमिंग्टन रोड म्हणतात. वाचलेल्या पैशांतून तिकीट, दोन वेळचे खाणे आणि "आलोच आहोत तर" म्हणून घेतलेला कीबोर्ड वजा करावा. उणे उत्तर आले तर गणित कोणाला दाखवू नये. सहा महिन्यांनी मदरबोर्ड गेला तर तीच पंचवटी असते.

कुठेही घेतले तरी "पक्कं बिल पाहिजे का?" हा प्रश्न येतोच. जीएसटी १८ टक्के. कच्च्या कागदावर भाव गोड लागतो; वॉरंटी मागायला गेल्यावर मात्र तो कागद कोणी ओळखत नाही. म्हणून पक्केच घ्यावे. घरी खरा आकडा सांगू नये, मित्रांना त्याहून मोठा सांगावा आणि बिल कपाटात सर्वात वरच्या फळीवर, जुन्या एलआयसीच्या पावत्यांखाली ठेवावे. वॉरंटी तीन वर्षांची असेल तर तेवढ्या दिवाळ्यांची साफसफाई स्वतः अंगावर घ्यावी.