चालू आहे, दिसत नाही

१९९९ साली एका दिवाळी अंकासाठी लिहिलेला लेख मला परत हवा होता. (लेख बरा होता. निदान तेव्हा तसं वाटलं होतं.) फाइल सापडली, पण ती युनिकोडच्या आधीच्या जमान्यातल्या फॉन्टातली. आजच्या लॅपटॉपवर उघडली की पहिल्याच वाक्यात चार डॉलर, दोन टक्के आणि एक उद्गारचिन्ह. ज्या विंडोज ९८ वर ती टाइप केली, तो कॉम्प्युटर केव्हाच भंगारात गेला. त्याच्या हार्ड डिस्कची इमेज तेवढी उरली आहे. भाचा म्हणाला, “मामा, डबा गेला तर जाऊ द्या. एम्युलेटरमध्ये चालवा.”

एम्युलेटर म्हणजे बहुरूपी. आपल्याकडे दारात पोलिसाच्या वेषात येऊन सासूबाईंना अटक करतो ना, तोच. क्यूएमू हा त्यातला पट्टीचा. फाब्रिस बेलार या फ्रेंच गृहस्थांनी तो २००३ साली बाहेर आणला. याच माणसाने पुढे घरगुती कॉम्प्युटरवर पायचे २.७ लाख कोटी अंक काढले, म्हणजे स्वस्थ बसणं त्यांच्या स्वभावात नाही. क्यूएमू प्रोसेसरचं सोंग घेतो, फ्लॉपी ड्राइव्हचं घेतो, सिरस लॉजिकच्या नव्वदच्या दशकातल्या ग्राफिक्स कार्डाचं तर इतकं हुबेहूब घेतो की विंडोज ९५ आणि ९८ त्याला लगेच ओळखतात. म्हणून मीही कमांडमध्ये ‘व्हीजीए सिरस’ असं ऐटीत लिहिलं.

भाच्याचा दुसरा सल्ला: “तयार पॅकेज कशाला घेता? सोर्स घ्या, स्वतः कंपाइल करा.” तरुण माणसांना आपल्या संध्याकाळची किंमत नसते. केलं कंपाइल. चहा दोनदा गार झाला. कमांड दिली, एंटर मारलं.

काही नाही. खिडकी नाही, चूक नाही, तक्रार नाही. टर्मिनलवर एकच ओळ: व्हीएनसी सर्व्हर १२७.०.०.१:५९०० वर चालू आहे. मला सर्व्हर नको होता, विंडोज हवी होती. कंट्रोल-सी मारून बंद केलं. पुन्हा लावलं. पुन्हा तीच ओळ. पुन्हा कंट्रोल-सी. असं दहा-बारा वेळा. दर वेळी एंटर थोडं जोरात दाबलं, हे वेगळं सांगायला नको.

त्या ओळीचा अर्थ मला रात्री साडेअकराला लागला. बहुरूपी आला होता. पट्टा, शिट्टी, डायरी सगळं घेऊन आला होता. फक्त दिवा नसलेल्या खोलीत उभा होता. आपल्या पडद्यावर खिडकी काढणं हे क्यूएमूचं स्वतःचं काम नाही; त्यासाठी तो एसडीएल किंवा जीटीके या लायब्रऱ्यांच्या हातापाया पडतो. त्या नसतील तर तो चित्र व्हीएनसीवर, म्हणजे नेटवर्कवरून पडदा बघायच्या सोयीवर, ठेवून मोकळा होतो. १२७.०.०.१ म्हणजे माझाच लॅपटॉप. व्हीएनसीचा कुठलाही व्ह्यूअर उघडून हा पत्ता दिला असता, तर पडदा समोर होता. काखेत कळसा, पोर्ट ५९००.

मग मला चीड आली ती ‘कॉन्फिगर’ नावाच्या स्क्रिप्टची. कंपाइल करण्याआधी हा कारकून तुमचं घर तपासतो आणि शेवटी शेकडो ओळींची यादी वाचून दाखवतो. त्या यादीत, येस-येस-येसच्या गर्दीत, दोन ओळी होत्या: एसडीएल, नो. जीटीके, नो. आवाजही न चढवता! लग्नाच्या यादीत नवऱ्यामुलापुढे ‘अनुपलब्ध’ लिहून आचारी, मांडव, बँड सगळं पुढे चालू ठेवावं, तसं. गंमत म्हणजे आपण आधीच ‘एनेबल जीटीके’ असं बजावून सांगितलं, तर हाच कारकून लायब्ररी सापडली नाही म्हणून जागेवर अडून बसतो. ठणकावून मागितलं तर भांडतो, न मागितलं तर गुपचूप गाळतो. सरकारी कचेरीत उमेदवारी केलेला असावा.

त्यात जीटीके माझ्याकडे नव्हती असंही नाही. निम्मे प्रोग्रॅम तिच्याच जिवावर चालतात. पण ती नुसती वापरायची. तिच्या आधाराने नवं काही कंपाइल करायचं तर ‘डेव्ह’ शेपटीचं वेगळं पॅकेज लागतं. आंबा खा हवा तेवढा, कोयीसाठी वेगळा अर्ज.

कोय आणली. पुन्हा कॉन्फिगर, पुन्हा कंपाइल, तिसरा चहा. या वेळी यादी चष्मा लावून वाचली: जीटीके, येस. एंटर मारलं आणि खिडकी उघडली. खरोखरची, चौकट असलेली, बंद करायची फुली असलेली. आनंदाच्या भरात तिच्यात क्लिक केलं, तर माउस आत गेला आणि बाहेर येईना. (कंट्रोल-ऑल्ट-जी. वर टायटलपट्टीवर लिहिलेलं होतं. मी वाचत नाही, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलंच असेल.)

आणि मग सव्वीस वर्षांपूर्वीचा तो निळा पडदा. विंडोज ९८ माझी वाटच बघत होती. संध्याकाळपासून दहा-बारा वेळा ती अंधारात बिचारी सुरू झाली होती आणि दर वेळी मी तिचा गळा दाबला होता. तिने स्कॅनडिस्क लावला आणि समजुतीच्या सुरात सांगितलं की मशीन नीट बंद केलेलं नाही, डिस्कवर चुका असू शकतात. हा निरोप पुन्हा दिसायला नको असेल, तर यापुढे स्टार्ट मेन्यूमधून शट डाउन करत चला.