आबांचा चाप

शिकाऱ्यांच्या दोन जाती असतात. एक रानात जाणारे, दुसरे रायफल दुरुस्त करणारे. पहिल्यांचा जमाना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संपवला. दुसऱ्यांचा अजून जोरात चालू आहे आणि कोल्हापुरात त्यांचे अध्वर्यू म्हणजे आमचे आबा.

आबांकडे वडिलोपार्जित थ्री-फिफ्टीन आहे. इशापूरच्या कारखान्यातली, ली-एन्फील्डच्या घराण्यातली, पाच काडतुसांच्या मॅगझिनची. वडिलांनी तिने डुकरं मारली. वारसाहक्काने ती आबांच्या हाती आली तेव्हा रानातली समस्त जनावरं कायद्याच्या आश्रयाला गेलेली होती. "कायदा नसता ना लेका..." असं आबा अधूनमधून म्हणतात आणि वाक्य तिथेच सोडतात. कारण कायदा नसता तरी रायफल तयार नव्हती. चाप जड होता.

या रायफलीचा चाप दोन टप्प्यांत सुटतो. आधी बोट नुसतं मागे येतं, मग अडतं, आणि नंतरच्या दाबाला बार उडतो. लष्करी मापाप्रमाणे पहिल्या टप्प्याला 3 ते 4 पौंड, दुसऱ्याला 5 ते 6. भाजी किलोत आणि सोनं तोळ्यात घेणारे आबा चाप मात्र पौंडातच तोलतात. तोही रद्दीवाल्याच्या हुकाच्या काट्यावर. काट्याच्या तबकडीवर त्यांनी स्वतःच्या हाताने पौंडाच्या खुणा केल्यात. "दुसरा टप्पा कसा पाहिजे? पापड मोडावा तसा. कट्. तळलेला न्हवं, भाजलेला."

हे प्रवचन ऐकणारा पाहुणा बैठकीतल्या सोफ्यावर बसलेला असतो. सोफ्याची एक स्प्रिंग कापड फाडून वर आलेली आहे. पाहुणा तिच्यावर अवघडून बसतो आणि रायफलीतल्या स्प्रिंगेबद्दल तासभर ऐकतो. काकू चहा देताना एवढंच म्हणतात, "त्यांना म्हणावं, एकदा ह्या स्प्रिंगंचाबी परवाना काढा."

आबा सावध माणूस आहेत हे कबूल केलं पाहिजे. रायफल हातात घेतली की आधी मॅगझिन काढणार, मग बोल्ट उघडून डोळ्याने बघणार, मग करंगळी घालून चाचपणार, मग काकूंनाही बघायला लावणार. काकूंनी "नाही हो काही" म्हटल्याशिवाय चापाला बोट लागत नाही. हत्यार उघडून कानशी मारायचं काम तर ते स्वतः करतच नाहीत. त्यासाठी परवानाधारक दुकानातले म्हातारे मिस्त्री आहेत.

मिस्त्रींनी एकदा आबांच्या हट्टापायी आतली पातळ स्प्रिंग हलकी केली. चाप लोण्यासारखा झाला. पण या रायफलीची गंमत अशी की तिथे इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची एकच स्प्रिंग दोन घरचं पाणी भरते. एका पायाने ती काडतुसावर आपटणारी टाचणी अडवणारा खटका धरते, दुसऱ्याने मॅगझिनचा. आबांनी नवा चाप दाखवण्यासाठी जावईबापूंसमोर रायफल उचलली आणि रिकामं मॅगझिन सुटून थेट चिवड्याच्या बशीत पडलं. जुनी स्प्रिंग परत बसली.

मग मोर्चा बोल्टमधल्या मुख्य स्प्रिंगेकडे वळला. ती मऊ केली तर चापावरचा भार कमी होतो, हे खरं. पण टाचणीला जोर देते तीच. चांदमारीला खडकीचं काडतूस घातलं, चाप अलगद सुटला, आणि काडतुसाच्या बुडावर नुसती टिकली उमटली. बार नाही. मग कडक स्प्रिंग आली. माऊजर 98 रायफलीची स्प्रिंग बोल्ट उचलतानाच आवळली जाते. इथे ती बोल्ट पुढे ढकलताना आवळावी लागते. तेव्हा बोल्ट लावायला आबांना उभं राहावं लागू लागलं.

"चाप अजून थोडा हलका करा की," आबा म्हणाले. मिस्त्रींनी रिकाम्या रायफलीचा बोल्ट लावला आणि दस्ता लाकडी पाटावर आपटला. खट्! चापाला कुणी हातही लावला नव्हता. "आबा, ह्याच्याखाली गेला तर बार तुमी नाही, रायफल ठरवंल," मिस्त्री म्हणाले आणि दर वेळी म्हणतात. आबा दर वेळी मान डोलावतात आणि पुढच्या महिन्यात पुन्हा जातात.

आबांचा खरा शत्रू म्हणजे आचारसंहिता. निवडणूक लागली की हत्यार ठाण्यात जमा करायचा आदेश येतो. 2024 साली आधी लोकसभा, मग विधानसभा. आबा रायफल धुवट धोतरात गुंडाळून नेतात आणि अंमलदाराला बजावतात, "साहेब, स्प्रिंग सैल सोडलीय, तशीच राहू द्या." एक देश, एक निवडणूक या धोरणाला राजकारणाशी काडीचा संबंध नसताना पाठिंबा देणारे आबा हे देशातले एकमेव गृहस्थ असावेत.

त्याच वर्षी पॅरिस ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने 50 मीटर रायफलमध्ये ब्राँझ जिंकलं. सारं कोल्हापूर टीव्हीसमोर नाचत होतं. आबांचे डोळे भरून आले. नाक पुसत ते म्हणाले, "त्या रायफलीचा चाप ग्रॅमात मोजत्यात म्हणं!" आणि तडक मिस्त्रींकडे गेले.

आबांनी आजवर एकही जनावर मारलेलं नाही. रानडुकरं ऊस फस्त करतात म्हणून एका शेतकऱ्याने वनखात्याची परवानगी काढायची तयारी दाखवली आणि आबांना बोलावलं, तर आबा म्हणाले, "चाप झाला की येतो." डुकरं त्यांची वाट बघत बसली नाहीत; ऊस संपवून पुढच्या शिवारात गेली.

2019 च्या दुरुस्तीनंतर हत्याराच्या परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षांची झाली. सरकारला आमची नम्र सूचना आहे की आबांसारख्यांना तो एकदम पन्नास वर्षांचा द्यावा. ज्या रायफलीचा चाप कधीच मनासारखा होणार नाही, तिच्यापासून वन्यजीवांना कसलाही धोका नाही.