होऊ घातलेला मुख्याध्यापक

मुख्याध्यापक व्हायला माणसाच्या अंगी काय काय असावं लागतं, याची यादी व्याख्यानांतून ऐकली की छातीत धस्स होतं. दूरदृष्टी काय, निर्णयक्षमता काय, संवादकौशल्य काय! पण तुम्ही घरचे म्हणून सांगतो, आमच्या अनुदानित शाळांत एवढं काही लागत नाही. 1981ची सेवाशर्ती नियमावली म्हणते, पदवी हवी, बी.एड. हवं, पाच वर्षं शिकवल्याचा अनुभव हवा, आणि अशा पात्र मंडळींत जो सगळ्यांत सेवाज्येष्ठ असेल आणि ज्याचं सेवेचं रेकॉर्ड समाधानकारक असेल, त्याला ती खुर्ची द्यावी. म्हणजे कोणाच्या डोळ्यांवर न येता, संस्थाचालकांशी वाद न घालता, वर्षानुवर्षं मराठीचे तास घेत राहायचं आणि मध्ये कुठे मरायचं नाही. एवढी कर्तबगारी मी दाखवली आहे.

सेवाज्येष्ठतेची यादी दरवर्षी स्टाफरूममध्ये फिरते आणि आपापल्या नावापुढे सही करायची असते. नोकरीला लागलो तेव्हा माझं नाव शेवटच्या पानावर, स्टेपलच्या पिनेला टेकून होतं. मग एकेक जण अठ्ठावन्न पूर्ण करून निवृत्त होऊ लागले. प्रत्येकाच्या निरोप समारंभात मी शाल-श्रीफळ देताना गहिवरलो, भाषणात 'पोकळी' हा शब्द वापरला, रुमालाने डोळे पुसले आणि डोळे पुसता पुसता मनातल्या मनात वजाबाकी केली. आता माझ्या वर एकच नाव उरलंय, आमच्या मोठ्या बाईंचं. आणि माझ्या खालच्या नंबरवर ज्या मॅडम आहेत, त्या हल्ली माझ्या ब्लडप्रेशरची फार आपुलकीने चौकशी करतात.

आगरकर 1892 साली फर्ग्युसनचे प्राचार्य झाले तेव्हा छत्तीस वर्षांचे होते. त्या वयात मी सहलीच्या बसमध्ये उभा राहून मुलं मोजत होतो, आणि दर वेळी एक जास्तच भरत होतं.

आता पुढचा नंबर आपला, ही बातमी घरी सांगितली तेव्हा आमच्या हिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. ही बँकेत आहे, त्यामुळे कोणाला किती रकमेपर्यंत भरवशाचा समजायचं याचा तिला सराव आहे. "अहो, गॅसचा नंबर लावायचं तुमच्या लक्षात राहत नाही, शाळा कशी राहणार?" असं ती म्हणाली. मुलगी म्हणाली, "बाबा, आधी काही ट्रेनिंग वगैरे नसतं का?" तिचा सूर असा होता की ट्रेनिंग नसेल तर तिने पालक म्हणून हरकत घेतली असती.

तर ट्रेनिंग असतं. भरपूर असतं. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका आहे, संभाजीनगरला शैक्षणिक नियोजन-प्रशासनाची राज्य संस्था 'मिपा' आहे, दिल्लीच्या तशाच 'नीपा'मध्ये 2012पासून शालेय नेतृत्वासाठी एक राष्ट्रीय केंद्रच आहे. शिवाय 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सांगून ठेवलंय की शिक्षक असो वा मुख्याध्यापक, प्रत्येकाने वर्षाला निदान 50 तास स्वतः शिकायचं. मी म्हटलं, चला, घरबसल्या ऑनलाइनपासून सुरुवात करू. माझा फोन जुना, त्यात शाळेच्या ग्रुपवरच्या सुप्रभातांमुळे जागा शिल्लक नाही, म्हणून हिच्या मोबाइलवरून खातं उघडलं, ओटीपी हिच्याकडेच येत असल्यामुळे ती बँकेतून आल्यावर रात्री अभ्यासाला बसू लागलो, नेतृत्वावरचे व्हिडिओ लावले, 'संघभावना' या प्रकरणाला डोळा लागला तो 'मूल्यमापन' आलं तेव्हा उघडला, आणि शेवटच्या चाचणीतल्या दोन प्रश्नांची उत्तरं हिने पोळ्या लाटता लाटता ओट्यापासूनच दिली. यथावकाश प्रमाणपत्र आलं. यशस्वी शालेय नेतृत्वाबद्दल त्यावर हिचं नाव होतं. खातं भरताना नावाच्या रकान्यात फोनने आपोआप जे सुचवलं ते मी तसंच ठेवलं होतं. घरात कोणालाच ती चूक वाटली नाही.

मग प्रत्यक्ष कार्यशाळेचा निरोप आला. निरोपात 'सेक्टर 15, सकाळी 10' एवढंच होतं. आता तुम्ही नवी मुंबईबाहेरचे असाल तर यातली गोम तुमच्या लक्षात यायची नाही. सिडकोने 1970 नंतर हे शहर वसवलं ते एकेक नोड करून, आणि प्रत्येक नोडमध्ये सेक्टरची मोजणी पुन्हा एकपासून केली. त्यामुळे सेक्टर 15 वाशीला आहे, कोपरखैरण्याला आहे आणि बेलापूरलाही आहे. मी इथला जुना रहिवासी, पाहुण्यांना पत्ते समजावण्यात हयात गेलेली, त्यामुळे कोणाला विचारायची गरजच नव्हती. कोपरखैरण्याहून थेट वाशी गाठली, तिथल्या सेक्टर 15मध्ये एका इमारतीत शिरलो, दुसऱ्या मजल्यावर खुर्च्या मांडलेल्या दिसल्या तिथे पहिल्या रांगेत बसलो, कोणीतरी चहा दिला तो प्यायलो, नाव विचारलं ते सांगितलं, आणि 'मुलाकडचे का?' असं विचारल्यावर उठलो. तिथून स्टेशन, तिथून सानपाडा, जुईनगर, नेरूळ, सीवूड्स करत बेलापूर. सही करायला टेबलाशी गेलो तर तिथल्या मॅडमनी घड्याळाकडे पाहून विचारलं, "कुठून आलात, सर?" मी खरं ते सांगितलं. "साखरपुड्याहून."

कार्यशाळेत जमलेले सगळे वीस-पंचवीस वर्षं शिकवलेले मास्तर आणि बाई, म्हणजे वर्गाला शिस्त लावण्यात मुरलेली माणसं. पण बाकाच्या या बाजूला बसवल्याबरोबर आम्हाला काय झालं कोण जाणे. मागच्या रांगा आधी भरल्या. मार्गदर्शक फळ्याकडे वळले की कुजबुज सुरू व्हायची. एका सरांनी दोनदा 'जरा बाहेर जाऊ का' विचारलं, ते दुसऱ्यांदा परतलेच नाहीत. मी टेबलाखाली धरून शाळेच्या ग्रुपवर सुप्रभात टाकत होतो, तेव्हा माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचे ते मार्गदर्शक जवळ येऊन हळूच म्हणाले, "सर, मोबाइल बॅगेत ठेवू या का?" आजवर मी मुलांचे मोबाइल काढून कपाटात टाकत आलो, अंगाला घाम कसा फुटतो ते त्या दिवशी कळलं.

दुपारच्या सत्रात नाट्यीकरण होतं. 'संतप्त पालक आणि मुख्याध्यापक'. मुख्याध्यापक मी, आणि पालक ऐरोलीकडच्या एका बाई. मी मनात सगळी वाक्यं जुळवून ठेवली होती: आधी बसायला सांगायचं, पाणी द्यायचं, शांतपणे ऐकून घ्यायचं. बाईंनी पर्स माझ्या टेबलावर आपटली. त्यांनी असा काही आवाज लावला, माझ्या मुलाला मागच्या बाकावर का बसवता इथपासून सुरुवात करून शाळेचं पाणी, शाळेचा जिना, माझं शिक्षण आणि माझ्या घरच्यांनी माझ्यावर केलेले संस्कार इथपर्यंत अशा काही पोहोचल्या, की मी उभा राहिलो, हात जोडले, मुलाला पहिला बाक दिला, त्याच्या धाकट्या भावाला प्रवेश दिला आणि वर अर्धी फी माफ केली. टाळ्या पडल्या. मार्गदर्शकांनी विचारलं, "सर, तुमची शाळा अनुदानित ना? आठवीपर्यंत फी असते?" नसते.

एवढ्या तयारीनंतर मोठ्या बाईंना धीर आला असावा. त्यांना ठाण्याला शिक्षणाधिकाऱ्यांच्या सभेला जायचं होतं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे चार्ज दिला. "सर, काही विशेष करू नका. फक्त शाळा चालू ठेवा."

सकाळीच तीन शिक्षकांच्या किरकोळ रजा आल्या. बदली तास लावणं हे मुख्याध्यापकाचं पहिलं कसब. मी कागद घेतला, पट्टीने रकाने आखले, मोत्यासारख्या अक्षरात तास मांडले आणि नोटीस फिरवली. थोड्या वेळाने विज्ञानाचे सर आले आणि म्हणाले, "सर, मी तिसऱ्या तासाला आठवी अ, आठवी ब आणि नववी क, तिन्हीकडे आहे. कुठे जास्त वेळ थांबू?" उलट सातवी ब वर मी अख्ख्या दिवसात एकालाही पाठवलं नव्हतं. तोच एक वर्ग दिवसभर शांत होता.

मग आमच्या लिपिकांनी, म्हणजे भाऊसाहेबांनी, एक पत्र आणून ठेवलं: माहिती तात्काळ, आजच्या आज, विहित नमुन्यात. मी वाचायला घेतलं आणि इतक्या वर्षांच्या सवयीने हात खिशातल्या लाल पेनाकडे गेला. 'तात्काळ'चं 'तत्काळ' केलं, दोन ऱ्हस्व वेलांट्या दीर्घ केल्या, एका वाक्याखाली नागमोडी रेघ ओढली, आणि तळाशी 'अक्षर सुधारा' असा शेरा मारून सही ठोकली. छापील पत्रावर. तेच पत्र माहितीसोबत परत पाठवायचं होतं, ते भाऊसाहेबांनी पाकिटातून बाहेर काढलं म्हणून ही गोष्ट आज तुम्हाला इथे बसून सांगतोय.

मधल्या सुट्टीआधी पोषण आहाराची खिचडी आली. मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने ती चाखून चव नोंदवहीत लिहायचं असतं. हे एक काम मला जमण्यासारखं होतं. पहिल्या घासात मीठ कळलं नाही, म्हणून दुसरा घेतला; दुसऱ्यात मटकी लागली, पण ती नीट शिजली आहे का याची खात्री एकावर कशी करणार? नोंदवहीत 'उत्तम' लिहिलं तोपर्यंत माझ्या डब्याची गरज उरली नव्हती. संध्याकाळी डबा तसाच परत गेलेला पाहून ही म्हणाली, "पदभार चांगलाच पोटभर सांभाळलात."

तर शाळेत खिचडी संपते न संपते तोच नळांना पाणी नाही म्हणून मुलं आली. शिपाईमामा टपाल द्यायला बाहेर गेलेले. पण मामांचा किल्ल्यांचा जुडगा खुंटीवर होता. नेता प्रसंगी स्वतः पुढे होतो, हे मी झोपेतून जागा झाल्यानंतरच्या व्हिडिओत ऐकलं होतं. जुडगा घेतला, मागच्या बाजूच्या खोलीशी गेलो आणि एकेक किल्ली लावू लागलो. जाड लागेना, बारीक लागेना, एक लागली ती फिरेना, एक फिरली ती निघेना, माझा सदरा पाठीला चिकटला, आणि मागे मुलांचं रिंगण जमलं, त्यात सातवी ब पूर्ण हजर. शेवटी एक चुणचुणीत पोरगा पुढे आला. "सर, ही खेळाच्या सामानाची खोली आहे. पंप पलीकडे आहे." मग पलीकडे जाऊन मी पुन्हा जुडगा उचलला. तो म्हणाला, "त्याला कुलूप नसतं, सर. नुसती कडी आहे."

पंप चालू केला. तो बंदही करायचा असतो, हे मामा परत आल्यावर कळलं, तोवर मैदानात खो-खोच्या खांबापर्यंत पाणी आलं होतं.

बाई संध्याकाळी आल्या. चप्पल हातात घेऊन आल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, पण त्यांनी शांतपणे विचारलं, "तासांचं भाऊसाहेबांना विचारलं होतंत?" नाही. "पंपाचं कोणाला विचारलंत?" नाही. "त्या मुलांना तरी?" त्यांना कसं विचारणार? मी शिक्षक! आणि तिथेच माझी गाडी अडली. इतकी वर्षं वर्गात मी रोज प्रश्न विचारत आलो, पण सगळे असे, ज्यांची उत्तरं मला आधीच ठाऊक असतात. जे आपल्याला येत नाही ते दुसऱ्याला विचारायचं, ही सवय बी.एड.नंतर मोडली ती मोडलीच. वर्गात सगळं मलाच येत असतं. त्या केबिनमध्ये बसलं की मला काहीच येत नाही, आणि ज्यांना येतं ते सगळे केबिनच्या बाहेर असतात.

बाईंनी मग स्वतःचा अभ्यासक्रम आखला. त्यात चार्ट पेपर नाही, स्केचपेन नाही. आठवड्यातून एकेका माणसाशेजारी जाऊन बसायचं आणि त्याचं काम शिकायचं. भाऊसाहेबांनी मला जनरल रजिस्टर दाखवलं. शाळेत आलेल्या प्रत्येक मुलाचं नाव, जन्मतारीख, आईचं नाव, शाळा कधी सोडली, सगळं त्यात, आणि चाळीस वर्षांचा बाप्या दाखल्यासाठी येतो तेव्हा तेच पान उघडायचं. "यात मंजुरीशिवाय काना-मात्रासुद्धा बदलता येत नाही, सर," असं म्हणत त्यांनी माझ्या खिशातलं लाल पेन काढून स्वतःच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं. ते अजून तिथेच आहे. खिचडी आणणाऱ्या बचत गटाच्या ताईंनी सांगितलं की चव पहायला एक चमचा पुरतो. हे त्यांनी दोनदा सांगितलं.

सध्या मामांकडे किल्ल्या शिकतोय. लाल दोऱ्याची प्रयोगशाळा, पितळी जाड ती कार्यालय, दात झिजलेली ती जिन्याखालची खोली. गेल्या आठवड्यात मामांनी तोंडी परीक्षा घेतली. एक किल्ली समोर धरून म्हणाले, "ही कुठली?" मी बारकाईने पाहिली, गंज पाहिला, वजन पाहिलं आणि ठासून सांगितलं, "ग्रंथालय." मामा म्हणाले, "माझ्या घरची आहे."

नापास झालो. पण 2023 साली पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा परत आणली तेव्हा नापास मुलांना पुनर्परीक्षेचीही सोय ठेवली, त्याच न्यायाने मामांनी मला पुढचा सोमवार दिलाय. मी आपलं घाबरत घाबरत विचारलं, "आणि मामा, त्यातही नापास झालो तर? त्याच वर्गात बसवणार?"

"छे हो सर," मामा म्हणाले. "मग तुम्ही फक्त सह्या करायच्या. पंप मी बघतो."