विंडोबा

त्याचं खरं नाव बँकेच्या हजेरीपटावर आहे. आम्ही ठाण्यातली मित्रमंडळी त्याला विंडोबा म्हणतो. हे दैवत वर्षातून दोनदा जागृत होतं, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा जानेवारीत, इंग्लंडातल्या फुटबॉल क्लबांची ट्रान्सफर विंडो, म्हणजे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची मुदत, उघडली की. मधल्या महिन्यांत त्याचा लाडका क्लब आर्सेनल नुसत्याच मॅचेस खेळत असतो. त्याही तो बघतो, पण लांबच्या नातेवाइकाकडे मुंज असल्यासारखा, घड्याळाकडे लक्ष ठेवून.

विंडो उघडली की त्याचा आवाज खाली येतो. "पर्सनल टर्म्स ठरल्यात. फक्त दोन क्लबांचं जमायचंय." याचा अर्थ, एका क्लबला खेळाडू विकायचा नाही आणि दुसऱ्यानं अजून विचारलेलंच नाही. पुरावा मागितलात तर तो मोबाइलवर एक विमान दाखवतो. ते लंडनकडे निघालेलं असतं. आत कोण आहे, हे त्याला तुमच्याआमच्याइतकंच ठाऊक असतं.

लोकांचा समज असा, की खेळाडू क्लबात आला की विंडोबाला आनंद होत असेल. साफ चूक. ट्रान्सफरच्या बातम्या देणाऱ्या फॅब्रिझिओ रोमानोनं 'हिअर वी गो' असं जाहीर केलं की याचा चेहरा उतरतो. सौदा झाला, आता बोलायचं काय? दुसऱ्या दिवसापासून तो त्याच खेळाडूला सौदी अरेबियाला पाठवायच्या मागे लागतो.

न झालेल्या सौद्यांवर मात्र त्याचा जीव. त्यातला त्याचा लाडका २०१३ चा. लुईस सुआरेझसाठी आर्सेनलनं लिव्हरपूलला ४ कोटी १ पौंड देऊ केले होते. चार कोटींच्या वर बोली गेली की सुआरेझच्या करारातली अट लागू होईल, असा हिशेब. म्हणून आहेराच्या पाकिटात घालतात तसा वर एक. लिव्हरपूलच्या मालकानं ट्विटरवर विचारलं, ही मंडळी तिकडे ओढतात तरी काय? सुआरेझ आला नाही. विंडोबा त्या एका पौंडावर आजही अर्धा तास सहज बोलतो.

दुसरा विषय दुखापतींचा. स्वतःचा गुडघा कुठला दुखतोय हे त्याला बायकोला विचारावं लागतं, पण आर्सेनलच्या साकाची मांडी तोंडपाठ. आर्सेनलच्याच अबू डियाबीचा घोटा २००६ साली संडरलंडच्या मैदानात मोडला, ते तो घरातला अपघात सांगावा तसं सांगतो. तिथल्याच सान्ती काझोर्लाच्या घोट्याला जंतुसंसर्ग झाला, हातावरची कातडी काढून तिथं लावावी लागली आणि मुलीच्या नावाचं गोंदण निम्मं पायावर आलं. मुलीचं नाव इंडिया. इथं विंडोबा थांबतो आणि आपल्याकडे असा बघतो, की जणू सरकारनं यात लक्ष घालायला हवं होतं.

एरवी दुखापत म्हणजे त्याच्या लेखी जागा रिकामी होणं. शेजारच्या काउंटरवरच्या बाईंचा हात मोडला, तेव्हा भेटायला जाण्याआधी यानं डोंबिवली शाखेतून कोणाला आणता येईल ते सांगून टाकलं. बँकेतलाच माणूस, त्यामुळे 'लोनवर घ्या' हे तो फार अधिकारानं म्हणतो.

२०२५ च्या जानेवारीत आर्सेनलचा स्ट्रायकर जेझुसच्या गुडघ्याचा लिगामेंट गेला, तरी आर्सेनलनं कोणालाही घेतलं नाही. विंडो बंद झाली आणि मग दुबईच्या सरावात दुसरा स्ट्रायकर हावर्ट्झचं हॅमस्ट्रिंग फाटलं. विंडोबा हळहळला तो दुखापतीसाठी नाही, तारखेसाठी. "आठ-दहा दिवस आधी फाटलं असतं तर!" पुढे मिडफिल्डर मेरिनोला स्ट्रायकरच्या जागी खेळवलं आणि त्यानं लेस्टरला दोन गोल मारले. हे भाकीत याच्या एकाही सूत्रानं केलेलं नव्हतं.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये विंडोबानं छातीठोकपणे सांगितलं, एबेरेची एझे टॉटनहॅमला गेला, विषय संपला. हावर्ट्झचा गुडघा दुखावला आणि एझे आला आर्सेनलला. "मी म्हणालोच होतो," विंडोबा म्हणाला. आम्ही वाद घातला नाही. चुकीची बातमी सांगून इतका आनंदी राहणारा दुसरा माणूस आमच्या ओळखीत नाही.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच. विंडो बंद होते त्या रात्री त्याला अजिबात फोन करू नका. तो उचलतो.