फुकट गाण्यांची नीतिमीमांसा : यवतमाळ जिल्ह्याच्या विशेष संदर्भासह

विषयप्रवेश

दाय, दत्तक, ऋण आणि प्रायश्चित्त यांवर आपल्या धर्मशास्त्रकारांनी ग्रंथच्या ग्रंथ लिहिले. वीस रुपयांत मेमरी कार्ड भरून घेणाऱ्याला पाप लागते की नाही, यावर मात्र कोणी एक ओळ खर्ची घातली नाही. ही उणीव दूर करण्याचा भार प्रस्तुत लेखकाने, कोणी सांगितले नसतानाही, उचलला आहे.

वस्तुस्थिती

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले. त्याआधीची काही वर्षे हा या शास्त्राचा सुवर्णकाळ. पुसद असो, वणी असो की घाटंजी, मोबाइलच्या दुकानात गिऱ्हाईक नखाएवढे कार्ड काउंटरवर ठेवी आणि सूत्ररूपाने बोले, "भाऊ, गाने टाकून द्या. जुने-नवे मिक्स." दुकानदार 'हिंदी सॅड', 'बंजारा', 'गोंडी', 'भीमगीते', 'डीजे' अशा फोल्डरांतून चार जीबी संस्कृती उचलून कार्डात ओती. पैसे गाण्यांचे नसत, 'भरण्याचे' असत. या भेदावरच पुढची सगळी मीमांसा उभी आहे.

वर्गीकरण

पैसे न देता गाणे मिळवणाऱ्यांचे चार वर्ग पडतात. पहिला उतारक : रेंजसाठी रात्री स्लॅबवर चढून स्वतः डाउनलोड करणारा. याच्या पापात निदान कष्ट तरी आहेत. दुसरा प्रतिग्राहक : काहीही न उतरवता पहिल्याकडून ब्लूटूथने घेणारा. तिसरा भरणकर्ता, म्हणजे दुकानदार. चौथा अनिच्छुक श्रोता : दारव्ह्याच्या एसटीत शेजाऱ्याच्या मोबाइलवरचे गाणे, त्याच्याजवळ इअरफोन नसल्यामुळे, यवतमाळपर्यंत ऐकणारा. चौथ्याने चोरीचा माल स्वीकारला असे म्हणावे काय? प्रस्तुत लेखकाच्या मते तो आरोपी नसून पीडित आहे.

पूर्वपक्ष

फुकटवादी चार मुद्दे मांडतात.

एक, चोरीत वस्तू धन्याकडून जाते. गाणे दिले तरी देणाऱ्याकडे उरतेच. मग चोरीस गेले काय?

दोन, गायक मुंबईत बंगल्यात राहतो. त्याला आमच्या वीस रुपयांचे काय?

तीन, रॉयल्टी म्हणजे काय हे यवतमाळकराला शिकवू नये. मूर्तिजापूर-यवतमाळ 'शकुंतला' ही नॅरोगेज गाडी ब्रिटिश काळात किलिक निक्सन कंपनीने कापसासाठी सुरू केली. देश स्वतंत्र झाला, कापूस ट्रकमधून जाऊ लागला, तरी भारतीय रेल्वे त्या खासगी मालकीच्या मार्गापोटी मोबदला मोजत राहिली. ज्याने हे पाहिले, त्याच्या लेखी रॉयल्टी म्हणजे कधी न दिसलेल्या मालकाला, कधी वेळेवर न आलेल्या गाडीबद्दल द्यायचे पैसे.

चार, २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला स्वतःच्या शेतातले, संरक्षित वाणाचेही, बियाणे राखायला, पेरायला, अदलाबदल करायला, इतकेच काय विकायलाही मुभा दिली आहे. बी देता-घेता येते, मग गाणे का नाही?

उत्तरपक्ष

पहिला मुद्दा अर्धा खरा. गाणे देणाऱ्याकडे उरते, पण वीस रुपये उरत नाहीत. ते दुकानदाराच्या गल्ल्यात जातात. गल्ला भरतो आणि कवीचा खिसा जिथल्या तिथे राहतो, तेव्हा 'काहीच गेले नाही' हे म्हणणे टिकत नाही.

दुसऱ्या मुद्द्यात गायक दिसतो, गीतकार दिसत नाही. सिनेमासाठी गाणे लिहिणारा बहुधा एकदाच मानधन घेऊन सगळे हक्क निर्मात्याला लिहून देत असे. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकारांना रॉयल्टीत न सोडता येणारा वाटा मिळाला. त्यासाठी राज्यसभेत जावेद अख्तर यांनी जोर लावला होता. बंगल्याचा दाखला देताना हा वाटेकरी विसरू नये.

तिसऱ्या मुद्द्याचे उत्तर असे की शकुंतलेचा मालक करार दाखवून पैसे घेत होता. भरणकर्त्याकडे फक्त फोल्डर आहे.

चौथा मुद्दा तर फुकटवाद्यांवरच उलटतो. त्याच बियाणे कायद्याने एक अट घातली आहे : संरक्षित वाणाचे बियाणे ब्रँडच्या नावाने, लेबल लावून विकायचे नाही. शेजाऱ्याला पायलीभर बी देणे वेगळे आणि दुकान मांडणे वेगळे. कॉपीराइट कायद्याचाही कल असाच दिसतो. १९५७ च्या या कायद्याच्या ६३ व्या कलमात सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे; पण उल्लंघन धंद्यातल्या फायद्यासाठी नसेल, तर न्यायालय कारणे नोंदवून शिक्षा कमी करू शकते. उलट, महाराष्ट्राने झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाल्यांसाठी १९८१ मध्ये केलेल्या एमपीडीए या स्थानबद्धतेच्या कायद्यात २००९ साली 'व्हिडिओ पायरेट'लाही बसवले. नंतर त्याच बाकावर वाळूतस्कर येऊन बसले. ही संगत किती वजनदार आहे, हे पैनगंगेकाठच्या वाचकांना सांगायला नको.

अपवादप्रकरण

आता एक सूक्ष्म पेच. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार लग्नाच्या वरातीत आणि लग्नाशी निगडित समारंभांत गाणे वाजवणे हे उल्लंघन नाही. म्हणजे आर्णीत डीजे घुमतो तेव्हा वाजवणे कायदेशीर. पण ज्या पेनड्राइव्हमधून वाजते तो भरलेला कुठून, हा प्रश्न शिल्लक राहतो. यावर तोडगा असा : पाप पेनड्राइव्हला, पुण्य वरातीला, आणि बहिरेपण गल्लीला.

दुसरा पेच कालगणनेचा. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरची साठ वर्षे चालतो. त्यामुळे १९५७ च्या 'प्यासा' चित्रपटातली ध्वनिमुद्रणे २०१८ साली मोकळी झाली. शब्दांचा हक्क मात्र कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षे. त्यातली गाणी लिहिणारे साहिर लुधियानवी १९८० मध्ये गेले, तेव्हा शब्द २०४० अखेरपर्यंत बांधलेले. काटेकोर धर्मनिष्ठाने तोवर ती गाणी शब्दांकडे दुर्लक्ष करून ऐकावीत.

सिद्धान्त

सबब निर्णय असा. अनिच्छुक श्रोता निर्दोष, उलट नुकसानभरपाईस पात्र. उतारक आणि प्रतिग्राहक यांचा दोष आहे, पण किरकोळ. प्रायश्चित्त म्हणून त्यांनी वर्षातून एक तरी कार्यक्रम तिकीट काढून ऐकावा. भरणकर्ता दोषी. त्याने स्वतःच्या दुकानाच्या नावाची रिंगटोन प्रत्येक गाण्याआधी चिकटवली असेल, तर दोष दुप्पट.

आज फुकट ऐकण्यासाठी चोरी करावी लागत नाही. जाहिरात सोसली की झाले. मोठ्या कंपन्यांकडे वकीलही आहेत. पण तांड्यावर बंजारा गाणी आणि पोडावर कोलामी गाणी गाणाऱ्याकडे ना वकील, ना कंपनी. त्याचे गाणे तुमच्या कार्डात फुकट आले असेल, तर लग्नाला किंवा जयंतीला त्याला बोलवा, सुपारी देताना भाव पाडू नका आणि ठरलेले पैसे त्याच रात्री हातात द्या.