उणे एक

भिवंडी हे उधारीवर चालणारं गाव. सूत उधार, कापड उधार, मागवाल्याच्या घरचा किराणाही वहीत. अशा गावातला नुकता अठरा पूर्ण केलेला पोरगा बँकेत जातो. बचत खातं चटकन उघडतं. आधार, पॅन, फोटो, झालं काम. मग तो दबकत कर्जाचं विचारतो आणि सिबिल, म्हणजे पतगुणांचं प्रगतीपुस्तक, निघतं. ३०० ते ९०० गुणांच्या या परीक्षेत त्याच्या नावापुढे येतं उणे एक! गुन्हा काय, तर त्याने आजवर कर्जच घेतलेलं नाही. कॉपी करताना पकडलेल्यालाही आमच्या बोर्डाने कधी शून्याखाली ढकललं नव्हतं.

बाप वर्षानुवर्षं वाण्याचे पैसे महिन्याच्या महिन्याला चुकते करतो, पण वाण्याची वही सिबिलला दिसत नाही. खात्यातली शिल्लकही दिसत नाही.

उपाय बँकच सुचवते. मुदत ठेव ठेवा, तिच्या तारणावर क्रेडिट कार्ड घ्या. म्हणजे आपलेच पैसे गहाण टाकून उसने घ्यायचे, वेळेवर फेडायचे आणि विश्वासू ठरायचं. उशीर झाला तर व्याज, तेही ठेवीवर मिळतं त्याच्या कितीतरी पट.

पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला निव्वळ पतइतिहास नाही म्हणून नाकारू नये, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना असल्याचं सरकारने २०२५ साली संसदेत सांगितलं. सूचना उत्तम आहे. शाखेत मात्र ती अजून पोचलेली दिसत नाही. बहुधा भिवंडीजवळच्या माणकोलीच्या ट्रॅफिकमध्ये अडकली असावी.